अस्कान्स : अर्थ आणि उपयोग

केशोरी
२७ जून २०२५

दुलारी,

फोन तू उचलत नाहीस. काल शेजारणीच्या फोनवरून लावून पाहिला, तर माझा आवाज ऐकल्याबरोबर कट केलास. बरं केलंस. समोरच्यानं तोंड बंद केलं, की मग माझी बोबडी वळते. म्हणून कागद घेतला. पत्ता नवेगाव बांधच्या तुझ्या शिलाई सेंटरचा टाकते आहे.

मागच्या रविवारी तू आलीस, सहा वर्षांनी. ओसरीत उभी राहिलीस. बस म्हटलं तर बसली नाहीस, चहा केला तो तसाच थंड झाला. तू म्हणालीस, "एकोणीस जुलैला शाळेत पालकसभा आहे, मॅडम. खिचडी शिजवणारी बाई नेमायची आहे. मायनं अर्ज केला आहे. लोक हसून राहिले, की पेपर फोडणारी पुन्हा शाळेत येऊन राहिली. तुम्ही सभेत उभ्या राहा आणि सांगा, नंदाबाईनं पेपर फोडला नव्हता. तुमचं ऐकतील."

आणि मी काय म्हटलं? "पाहू."

पाहू! वर्गात प्रश्न विचारल्यावर जो "पाहतो मॅडम" म्हणायचा त्याला मी तास संपेपर्यंत बाकावर उभा ठेवत होते. तुला आठवत असेल, टिंकू तर अर्धी दहावी उभ्यानंच शिकला.

फाटकातून जाताना तू वळून म्हणालीस, "तुम्हीच शिकवलेला शब्द आहे. सारं गाव माझ्या मायकडे अस्कान्स पाहते, सहा वर्षांपासून."

तू गेल्यावर मी काय करावं? मी डिक्शनरी काढली. हस. शिक्षकाची खोड मेल्याशिवाय जात नाही. पण तुला तो शब्द मी घाईत शिकवला होता, म्हणून आता नीट सांगते. अस्कान्स म्हणजे नुसतं बाजूला पाहणं नाही. नुसत्या दिशेला साइडवेज म्हणतात, खेकडा साइडवेज चालतो, त्याच्या मनात काही नसतं. साइडलाँग नजर लाजेची असू शकते, लग्नघरात पोरंपोरी एकमेकांकडे टाकतात तशी, गोडसुद्धा असते. अस्कान्स गोड कधीच नसतो. मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहायचं, आणि त्या पाहण्यात "इथं काहीतरी काळंबेरं आहे" असं असायचं. संशय, नापसंती, अविश्वास, सगळं एका नजरेत. आता तर माणूस समोर नसला, नुसता एखादा विचार असला, तरी त्याच्याकडे अस्कान्स पाहिलं असं लिहितात. शब्द कुठून आला हे मोठमोठ्या डिक्शनऱ्यांनाही पक्कं ठाऊक नाही.

असो. सभेचं मी बघते. तुझी माय बरी आहे ना? तू तिच्याकडे जात नाहीस असं ऐकलं. असं करू नये.

तुझ्या मॅडम,
योगेश्वरी रहांगडाले


केशोरी
३ जुलै २०२५

दुलारी,

तुझं पोस्टकार्ड आलं. पोस्टमन म्हणाला, मॅडम, आजकाल पोस्टकार्ड कोण लिहितं? त्यानं वाचलंही असणार, वाचण्यासारखं होतंच किती. "शब्दाचा अर्थ मला माहीत आहे. सभा १९ तारखेला आहे."

तोंडात मारल्यासारखं झालं. मारायलाच हवं होतं.

ठीक आहे, अर्थ सोडून देते. उपयोग सांगते. मी तो कसा केला ते.

माझी ती "रोजचा शब्द"ची पाटी तुला वेगळी सांगायला नको. व्हरांड्यात टांगलेली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. वर शब्द, खाली अर्थ, त्याखाली वाक्य. आणि वाक्यात वर्गातल्याच कोणाचं तरी नाव. शब्द लक्षात राहायचा तर त्यात ओळखीचं माणूस पाहिजे, ही माझी पद्धत. तालुक्याच्या शिबिरात मी त्यावर भाषण दिलं होतं, टाळ्या घेतल्या होत्या. ग्रीडी शब्दाला तिलकचं नाव लावलं तेव्हा तो आठवडाभर मिरवत होता. पोरं वाट पाहायची, आज कोणाचा नंबर म्हणून. वर्गात वाक्य लिहून झालं की, पाटी बाहेर टांगण्याआधी, मी तो शब्द करून दाखवायची. स्टॅगर असला तर दारू प्यायल्यासारखी चालायची, यॉन असला तर जांभई द्यायची. मॅडम नाटकी आहेत, असं गाव म्हणायचं, आणि ते ऐकून मला बरं वाटायचं.

एक फेब्रुवारी २०१९. सराव परीक्षेचा निकाल लागून चार दिवस झाले होते. इंग्रजीत ऐंशीपैकी चौऱ्याहत्तर, शाळेत पहिली, दुलारी. माझी पोर रुची सत्तर. दोन दिवसांआधीच तुझ्या मायला शाळेतून काढलं होतं, पाकीट फोडून पेपर पाहिला म्हणून.

मी पाटीवर लिहिलं. एव्हरीबडी लुक्स अस्कान्स ॲट दुलारीज मार्क्स. मग पुस्तक तोंडासमोर धरलं आणि त्याच्या कडेवरून, मान न हलवता, तिसऱ्या बाकाकडे डोळे फिरवले. भुवई पण उचलली. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण ती भुवई मला झोपू देत नाही.

वर्ग हसला. किती हसला! तू उठलीस, दप्तर उचललंस. "मॅडम, मी अभ्यास केला होता," एवढंच म्हणालीस. मी "सिट डाउन" म्हटलं, इंग्रजीत. तू निघून गेलीस ती परत आलीच नाहीस. मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षेत तुझा बाक सगळ्या पेपरांना रिकामा होता.

ती पाटी पुसायला मी विसरले, असं मी सगळ्यांना सांगितलं. शनिवार गेला, रविवार गेला. हॉल तिकिटं न्यायला पालक येत होते, वाचत होते. ज्यांना इंग्रजी येत नव्हतं त्यांना पोरं अर्थ सांगत होती. मी विसरले नव्हते. रोज तिच्यासमोरून जात होते.

हे वाक्य मी पाटलाच्या पोरीवर केलं असतं का? दुकानदाराच्या? आमच्या पोवार जातीतल्या कोणाच्या? बाप तलावात जाळं टाकतो आणि माय शाळेत भात शिजवते, अशा पोरीवर केलं. त्याचा जाब विचारायला कोणी येणार नाही हे मला ठाऊक होतं.

मी चुकले, दुलारी. त्या वाक्याबद्दल मला माफ कर.

योगेश्वरी मॅडम


केशोरी
८ जुलै २०२५

दुलारी,

या खेपेचं कार्ड अजून लहान. "माफी वाक्याची नको. मायबद्दल बोला."

पोरी, तू वकील व्हायला पाहिजे होतीस. शिलाईमशीनवर बसलीस ती माझ्यामुळे, हेही आहेच.

मायबद्दल बोलते. त्या वर्षी ऑफिसच्या कपाटाचं कुलूप बिघडलं होतं, म्हणून सराव परीक्षेची बाहेरून आलेली बंद पाकिटं आम्ही तांदळाच्या कोठीत, लोखंडी पेटीत ठेवली. कोठीच्या किल्ल्या दोन. एक तुझ्या मायकडे, दुसरी परीक्षाप्रमुख म्हणून माझ्याकडे. इंग्रजीच्या दिवशी हेडसर भैय्यालाल यांनी पाकीट हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा बदलला. बंद करायच्या कागदी पट्टीखाली एक वाळलेलं शित होतं, भाताचं. पट्टी सोडवून पुन्हा शितानं चिकटवलेली होती. भैय्यालाल सरांना तेवढं पुरलं. शित म्हणजे चूल, चूल म्हणजे नंदाबाई. वर तिच्याच पोरीला सगळ्यांत जास्त मार्क. कोणाला काही विचारायची गरजच उरली नाही.

दुलारी, ते पाकीट मी उघडलं होतं.

एकदा लिहून टाकलं. त्याच्या दोन वर्षांआधी एका पेपरात अर्धा उतारा छापायचाच राहिला होता आणि पोरांचे मार्क गेले होते, म्हणून या वेळी छपाई नीट आहे का ते मला पाहायचं होतं. नियम मोडला, कबूल. मग सरांना सांगायची लाज वाटली, आणि लाजेपायी गप्प राहिले. एवढंच घडलं.

आता तू म्हणशील, हेच सभेत सांगा. अगं, मी एकतीस जुलैला निवृत्त होते आहे. चोवीस वर्षांची नोकरी. सत्काराची पत्रिका छापून झाली. आत्ता तोंड उघडलं तर चौकशी लागेल, पेन्शन अडकेल, रुचीचं शिक्षण नागपुरात चालू आहे. मी पळून जात नाही. एकतीसच्या संध्याकाळीच मी स्वतः गावात निघते, घरोघर जाऊन सांगते. बारा दिवसांचा तर फरक आहे. सहा वर्षं थांबलीस, बारा दिवस थांबायला काय जातं?

हे वाक्य लिहून खोडणार होते. नाही खोडत. मी कशी आहे ते तुला दिसू दे.

योगेश्वरी


केशोरी
१३ जुलै २०२५

दुलारी,

"बारा दिवसांनी बाई नेमून झालेली असेल. आणि छपाई पाहायची होती तर सरांसमोर उघडायचं होतं, शितानं कायले चिकटवलं?"

तू विचारणार हे मला माहीत होतं. विचारावं म्हणूनच मी तसं अर्धवट लिहिलं असेल, देव जाणे. आज रविवार. मिस्टरांना, दुर्गाप्रसादांना, मी सांगितलं, शाळेचं काम आहे, मला हाक मारू नका. ते धानाच्या रोपांचे पऱ्हे पाहायला शेतावर, बांधीकडे गेलेत. घरात मी एकटी आहे, आता खोटं बोलायला समोर कोणी नाही.

मी पाकीट रुचीसाठी उघडलं.

मॅडमची पोर, आणि इंग्रजीत तिसरी येते, कधी चौथी. नातेवाईक लग्नाकार्यात विचारायचे, "काऊन वो, घरीच मास्तरीण असून पोर मागे?" त्यांचं हसणं मला लागायचं. त्यात तू दर चाचणीला वर येत होतीस. मधल्या सुट्टीत पाटीसमोर उभी राहून जुने शब्द वहीत उतरवायचीस ते मी पाहायची. मला आनंद व्हायला हवा होता. माझ्याच पद्धतीनं शिकलेली सगळ्यांत हुशार पोर तू होतीस. मला राग यायचा, दुलारी. लाज वाटते लिहायला, पण रागच यायचा.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी कोठी उघडली, पट्टी ओली करून सोडवली, निबंधाचे, पत्राचे आणि उताऱ्याचे प्रश्न चिठ्ठीवर उतरवून घेतले. रुचीला म्हटलं, महत्त्वाचे प्रश्न काढलेत, हे करून ठेव. तिला पाकिटाचं काही सांगितलं नाही.

पट्टी परत लावायला गोंद मिळेना. तुझी माय बाहेर भांडी घासत होती. मी पाकीट हातात घेऊन तिच्यापुढे गेले. "काय पाह्यजे जी मॅडम?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "पाकीट चिकटवायचं आहे, चार शितं दे." तिनं भाताच्या गंजाच्या बुडाशी राहिलेली शितं बोटानं काढली, माझ्या तळहातावर ठेवली, वर म्हणाली, "जराशी कुस्करून घ्या, पक्की बसन."

कळलं तुला? शित तिनंच दिलं होतं. मी मागितलं म्हणून दिलं. आणि अकरा दिवसांनी हेडसरांनी तेच शित तिच्यासमोर धरलं. त्या वेळी तिला सगळं कळलंच असणार. मी शेजारच्या खोलीत हजेरीपट घेऊन बसले होते. आता ती माझं नाव घेईल, आता घेईल. तिनं ते घेतलं नाही. पदर डोक्यावर घेऊन चुपचाप निघून गेली.

ती गप्प काऊन बसली, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. तू तिच्याशी त्यावरूनच भांडलीस, हे मला गावातून समजलं. गप्प बसून तिनं चोरी कबूल केल्यासारखी केली, असं म्हणून तू घर सोडलंस. मी त्यातून माझ्या सोयीचा अर्थ काढत राहिले. घाबरली असेल, समजलं नसेल, विसरली असेल. सहा वर्षं हेच पाठ करते आहे.

आता त्या शब्दाचं राहिलेलं सांगते. मी तुझ्याकडे अस्कान्स पाहिलं, पण मला तुझा संशय नव्हताच. वर्गात एकटी मी अशी होते, जिला पक्कं ठाऊक होतं, की तुझे मार्क तुझेच आहेत. मी संशयाचं सोंग केलं. सरळ बोट दाखवलं असतं तर तू विचारलं असतंस, पुरावा काय? तिरपं पाहणाऱ्याला कोणी पुरावा मागत नाही. डोळ्याचा कोपरा नुसता फिरवायचा, पुढचं काम गाव करतं. गावातली धुरपताबाई आपल्या धान रोवण्याच्या टोळीत नंदाबाईला घेत नाही, तिला दोन कोस लांब दुसऱ्या गावात रोवायला जावं लागतं, हे मी ऐकून होते. ऐकून भाजी चिरत होते.

सभेला सहा दिवस आहेत. मी बोलीन असं लिहायची हिंमत होत नाही, कारण माझ्या शब्दावर तू विश्वास ठेवावा असं मी काही केलेलं नाही.

योगेश्वरी


केशोरी
१८ जुलै २०२५

दुलारी,

तुझं कार्ड आलं नाही. येऊ नये हेच बरोबर.

आज सकाळी रुचीला फोन केला. उद्या बोलले तर तिचंही नाव निघेल, तिला न विचारता कसं बोलू, असं मनाला सांगितलं. खरं तर ती "मम्मी, नको" म्हणेल आणि माझी सुटका होईल, ही आशा होती. आई असून पोरीच्या पदराआड लपायला निघाले.

मी सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "मम्मी, मला परीक्षेच्या हॉलमध्येच कळलं होतं. तू दिलेले प्रश्न एकाखाली एक छापलेले होते. पत्राचा प्रश्न मी येत असून सोडला."

मला वाटत होतं, पेपर दाखवूनही पोर मागे पडली. त्या चार मार्कांचा राग मी तुझ्यावर काढला होता. ते तिनं स्वतः सोडले होते, दुलारी.

मी म्हटलं, मग तेव्हा बोलली काऊन नाहीस? ती रडायला लागली. "तू दुलारीकडे तसं पाहिलंस तेव्हा मी पण हसले. पहिल्या बाकावर बसून हसले. मी हसले नसते तर सगळ्यांना कळलं असतं, असं वाटलं मला."

मग नाक पुसून म्हणाली, "माझं नाव घे. पण घे म्हटलं म्हणून मी तुझ्यावर खूश आहे असं समजू नको. मला काही दिवस फोन करू नको."

यांनाही सांगितलं. दुर्गाप्रसाद जेवता जेवता थांबले. हात धुतला आणि बाहेर गेले. संध्याकाळी येऊन एवढंच म्हणाले, "उद्या मी गाडीनं सोडून देतो. आत येणार नाही."

आता भाषण लिहायला बसते.

योगेश्वरी


केशोरी
२० जुलै २०२५

दुलारी,

काल सभा झाली. तू येशील म्हणून मी दाराकडे पाहत होते. आली नाहीस. आता जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, त्यात माझी बाजू घालणार नाही.

रोवण्याचे दिवस, तरी माणसं बरीच आली होती. बायका खाली सतरंजीवर, शाळा समितीचे अध्यक्ष खेमराज खुर्चीवर, बाजूला भैय्यालाल सर. तुझी माय सगळ्यांत मागे, खांबाजवळ. दोन अर्ज होते. तुझ्या मायचं नाव वाचलं तेव्हा बायकांमध्ये कुजबुज झाली, कोणीतरी फिसकन हसलं. खेमराज म्हणाले, "दुसऱ्या बाईचं पाहू."

मी उठले. भाषण लिहून नेलं होतं, चांगलं दोन पानी. चष्मा लावला तर अक्षरं दिसेनात. कागद घडी करून ठेवून दिला आणि म्हटलं, "२०१९ ला इंग्रजीचं पाकीट मी फोडलं. माझ्या रुचीसाठी फोडलं. नंदाबाईनं नाही. शित मी तिच्याकडून मागून घेतलं होतं. दुलारीनं पेपर पाहिला नव्हता, तिचे मार्क खरे होते. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि मी गप्प राहिले."

मग धुरपताबाई उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून. "असं कसं जी मॅडम? आमी हिले सहा वर्स टोळीत नाही घेतलो! माह्या पोराच्या लग्नात हिले बलावलो नाही! तुमी शिकल्यासवरल्या, आमाले काय ठावं?" ती माझ्यावर ओरडत होती आणि रडत होती. मी ऐकून घेतलं.

भैय्यालाल सर तांबडेलाल झाले. त्यांना वाटलं, सभेत आपण मूर्ख ठरलो. ते तुझ्या मायकडे वळून म्हणाले, "मग नंदाबाई, त्याच दिवशी संध्याकाळी परत येऊन तू मला तसं काऊन म्हणाली होतीस? मी म्हटलं होतं, तुझ्या पोरीला बोर्डाला बसू देणार नाही, तर तूच हात जोडले होतेस ना? 'माले काढा, पेपर मीच पाहिलो असं लिवा, पण पोरीले परीक्षेले बसू द्या.' मी तुझ्या शब्दावर तिचं हॉल तिकीट अडवलं नाही!"

तुझी माय म्हणाली, "चुप राहा जी सर."

दुलारी, मी खाली बसले. तुझं हॉल तिकीट तिनं आपल्या नोकरीच्या बदल्यात सोडवलं होतं. बुधवारी तिनं हात जोडले आणि शुक्रवारी मी पाटी लिहिली. तिनं जे वाचवलं होतं ते दोन दिवसांत मी घालवलं. तुला वर्गातून मी उठवलं, आणि ती बाई सहा वर्षं गावाचं ऐकून घेत राहिली, तिकडे तू परीक्षेला बसलीसुद्धा नाहीस.

सभा उठली. माझ्याकडून लेखी जबाब घेतला, मी सही केली. चौकशी होईल. सत्काराचा कार्यक्रम रद्द झाला, तो व्हायलाच नको होता. खेमराजांनी तुझ्या मायला सगळ्यांसमोर विचारलं, सोमवारपासून येशील का? ती म्हणाली, "रोवणा झाल्यावर पाहतो. टोळीले शब्द देऊन ठेवलो." धुरपताबाईनं तिला आपल्याकडे ये म्हटलं, त्यावर तिनं नुसती मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही.

बाहेर व्हरांड्यात मी तिच्या पाया पडायला वाकले, तर तिनं मला खांद्याला धरून उभं केलं, जोरानं. प्रेमानं नाही. म्हणाली, "माह्या पाया पडून काय होते? वर्सं वापस येतेत काय?" मी विचारलं, तेव्हा माझं नाव घेतलं असतं तर सगळंच टळलं असतं, का नाही घेतलंस? "घेतलो असतो त कोन मानलं असतं जी? मॅडमचं का खिचडीवालीचं? माह्यापाशी येकच गोष्ट होती देयाले, नोकरी. ते देलो."

मी म्हटलं, दुलारीला हे ठाऊक नाही. तिला वाटतं, तू भित्री म्हणून गप्प बसलीस. ती म्हणाली, "वाटू द्या. तिले सांगू नोका. मायनं येवढं केलं अना आपुन परीक्षेले बसलो नाही, असं तिच्या जिवाले लागन. तिनं माह्यावर राग धरला त चालते. सोताचा राग नोको धरू."

तिनं मला नको म्हणून सांगितलं, आणि मी तुला सांगते आहे. तिचा शब्द मोडते आहे हे मला कळतं. पण माझ्या एका गप्प राहण्यानं तुमचं घर फुटलं, आता तिच्या सांगण्यावरून दुसऱ्यांदा गप्प राहणं मला जमणार नाही. आणि तू स्वतःवर राग धरू नकोस. तो सगळा माझ्यावर धर, माझाच आहे. मला माफ कर असं मी या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही, पाहून घे.

हे पत्र मंगळवारपर्यंत मिळेल. मला उत्तर पाठवू नकोस. तुझ्या मायची टोळी या आठवडाभर नहराच्या पलीकडच्या धानाच्या बांध्यांत आहे, दुपारी बारा वाजता शेताच्या धुऱ्यावर जेवायला बसते. बाकीच्या घोळक्यानं बसतात, ती अजून एकटीच बसते. तू जा.

योगेश्वरी